मेलेल्या मातीचा पहारा

सलग तिसऱ्या दिवशी मेलेली माती जिवंत निघाली, तेव्हा प्रशिकची खात्रीच पटली की हे कुणातरी घरभेद्याचं काम आहे.

प्रशिक हा विद्यापीठातल्या ‘मंगळ मंडळा’चा कप्तान. मंडळातली पोरं परग्रहावर फिरतील अशा गाड्या बनवत आणि देशभरच्या स्पर्धांत उतरत. यंदाच्या गाडीचं नाव होतं भटक्या. सहा चाकं, एक लोखंडी हात आणि पोटात काचेच्या नळ्या. त्या हाताने चिमूटभर माती उचलायची, नळीतल्या औषधात टाकायची आणि ऊब द्यायची. मातीत सजीवाचा अंश असला तर औषध जांभळं होई, नसला तर जसंच्या तसं राही. शनिवारी पाचच्या आत या चाचणीची फिल्म स्पर्धेला पाठवायची होती, मध्ये एकदाही न थांबवता काढलेली. त्यात भटक्याने दोन परातींमधला फरक ओळखून दाखवायचा होता. एका परातीत लॅब सांभाळणाऱ्या कुसुमताईंच्या कढीपत्त्याच्या कुंडीतली जिवंत माती होती. दुसरीत लाल मुरूम आणि कोराडीच्या वीजकेंद्रातली राख कालवून वर्कशॉपच्या भट्टीत तीन तास भाजलेली, म्हणजे मेलेली. गेल्या वर्षी मंडळ याच पायरीवर घसरलं होतं, आणि प्रशिकचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

“भट्टीच कमी पडत असन,” साहिल म्हणाला. साहिल हा प्रशिकचा पहिल्या वर्षापासूनचा मित्र. भटक्याचा सगळा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला.

“भट्टी नाही कमी पडून राहिली. कोनीतरी मातीत काहीतरी मिसळून राहिलं बे.”

“मातीत कोन भेसळ करते गा?”

“ज्याले आपन हरलेलं पाह्यजे, तो.”

प्रशिकचा स्वभावच तसा होता. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी हा जुडी उलटीपालटी करून पाही, यानं का दिली असेल म्हणून. भट्टीतून आलेली मातीही नीट भाजली का, हे तो रोज सकाळी चिमटीत चोळून पाही. त्याने त्याच दिवशी लॅबची एकुलती एक किल्ली कुसुमताईंकडून मागून घेतली आणि गळ्यात अडकवली. कुसुमताई बारा वर्षं या लॅबची झाडलोट करत होत्या. त्यांनी किल्ली दिली, पण तोंड वाकडं करून दिली.

किल्लीनेही काम भागलं नाही. माती जांभळीच येत राहिली. मग प्रशिकने एक गुप्त युक्ती काढली. रोज सकाळी चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे हाणून तो सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये येई आणि मेलेल्या मातीत बोटाने एक रेघ ओढून ठेवी. कुणी हात घातला तर रेघ मोडणार, असा हिशेब. दुपारी पाहावं तर रेघ जशीच्या तशी, आणि माती मात्र जांभळी. म्हणजे चोर पक्का होता, रेघ पाहून पुन्हा तशीच ओढत होता. दुसऱ्या दिवशी प्रशिकने तीन रेघा आणि दोन गोल काढले. तिसऱ्या दिवशी तर त्याने परातभर अशी नक्षी काढली की दारापुढे रांगोळी म्हणून शोभली असती. चाचणीच्या आधी खूण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तो तळहाताने माती सारखीही करून ठेवी. पण रंग रोज गडदच होत चालला होता.

“नवल आहे वं बाई,” नळी उजेडात धरून भूमिका म्हणाली. ती रसायनशास्त्राची, नळ्या आणि औषध तिच्याकडे. “जिवंत मातीपेक्षा ही मेलेलीच जास्त जिवंत दिसून राहिली.”

शुक्रवारी प्रशिकला पुरावाच सापडला. सीताबर्डीच्या बसस्टॉपवर त्याने साहिलला पाहिलं, प्रतिस्पर्धी कॉलेजचा लाल टीशर्ट घातलेल्या पोराच्या खांद्यावर हात टाकून हसताना. त्या पोराने साहिलला एक पुडकंही दिलं.

“काय होतं त्या पुडक्यात?” संध्याकाळी त्याने लॅबच्या दारातच विचारलं.

“उद्या सांगतो.”

“आज काहून नाही?”

“तुले आज सांगितलं तर काम बोंबलन.”

“मग उद्यापासून येऊ नको,” प्रशिक म्हणाला. साहिल लॅपटॉप पाठीवर टाकून निघून गेला. त्याच्याशिवाय भटक्याचा हात हलणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी प्रशिकचा संशय गेला नव्हता. त्याने आपला जुना मोबाइल कपाटावर लपवला, चार्जरला लावला आणि कॅमेरा सुरू करून ठेवला.

शनिवारी दुपारी भूमिकाने चमच्याने माती घेऊन पाहिली. जांभळी, आजवरची सगळ्यात गडद.

प्रशिकला जणू आनंदच झाला. त्याने फोन करून साहिलला बोलावून घेतलं, कुसुमताईंना खुर्ची दिली आणि मोबाइल सगळ्यांसमोर धरला. “आता पाहा चोर.”

रात्रभर काही हललं नव्हतं. सात चाळीसला दार उघडलं.

“हा मी आहो. पुढे घेतो.”

“थांब,” साहिल म्हणाला. “हे काय करून राहिला बे तू?”

पडद्यावरचा प्रशिक परातीवर ओणवा होऊन मन लावून बोट फिरवत होता.

“निशानी करून ठेवून राहिलो. कोनी हात लावला तर कळावं म्हनून.”

फिल्म पुढे पळवली. कुणी आलं नाही. दुपारी पुन्हा प्रशिकच आला, तळहाताने माती सपाट करून गेला. मग चमचा घेऊन भूमिका. बस.

कुसुमताईंनी चष्मा पदराला पुसला.

“बाबू, सकाळी पोहे खाऊन आल्ता ना?”

“हो.”

“हात धुतले होते?”

प्रशिकने आपल्या बोटांकडे पाहिलं. “रुमालाले पुसले होते.”

“अरे माह्या देवा!” भूमिकाने कपाळावर हात मारला. “पोलीस बोटाचे ठसे काढाले हेच औषध वापरतात! नुसतं घामाचं बोट लागलं तरी जांभळं होते. तू तर तर्री चोपडून राहिला!”

साहिलने पिशवीतून ते पुडकं काढलं. आत एक छोटी मोटर होती. “भटक्याच्या हाताची मोटर गरम होऊन राहिली. फिल्मच्या मधातच बंद पडली असती. त्यांच्याकडे जास्तीची होती, त्या पोरानं दिली.”

“मग काल काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर रातभर खोलून पाहत बसला असता, आत काही लपवलं का म्हनून.”

प्रशिक नक्की तेच करत बसला असता. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्याने गळ्यातली किल्ली काढली आणि साहिलच्या गळ्यात घातली. “चुकलं गा माह्यं.”

“ते मग पाहू. घड्याळ पाह्य.”

अडीच वाजले होते आणि वर्कशॉप बंद झालं होतं. कुसुमताईंनी कँटीनची कढई घासून लालबुंद तापवली आणि ताजा मुरूम, राख उलथण्याने मूठमूठ भाजून काढली. साहिलने मोटर बसवली. भूमिकाने हातमोजे वाटले, प्रशिकला दोन जोड्या. फिल्म सुरू होती तेवढा वेळ तो दाराबाहेर खिशात हात घालून उभा राहिला. आतून भूमिकाची किंकाळी आली तेव्हा त्याचा जीव वरखाली झाला. पण किंकाळी आनंदाची होती. पाचला आठ मिनिटं कमी असताना फिल्म गेली.

सोबतच्या अहवालात एक रकाना होता: आलेल्या अडचणी आणि त्यांचं कारण.

“काय लिहू?” साहिलने विचारलं.

“खरं तेच लिही,” प्रशिक म्हणाला. साहिलने पोह्यांसकट लिहिलं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. मंगळ मंडळ अंतिम फेरीत होतं, आणि सगळ्यात जास्त गुण त्या रकान्याला होते. परीक्षकांनी लिहिलं होतं की मंगळावर जीव सापडलाच तर तो आपल्याच हातांनी नेलेला नाही ना, हा संशय इतक्या चिकाटीने घेणारा हा एकच संघ आहे.

दुसऱ्या दिवशी प्रशिक छाती काढून लॅबकडे आला. दारात स्टुलावर कुसुमताई बसल्या होत्या, हातात साबण.

“हात दाखव, बाबू.”

त्याने दाखवले. ताईंनी बोटं नाकाजवळ नेऊन हुंगली.

“पोहे?”

“नाही ताई, आज उपमा.”

“जाय, धुऊन ये,” म्हणून ताईंनी साबण त्याच्या हातात दिला, आणि तो खरंच धुतो की नाही हे पाहायला नळापर्यंत मागे गेल्या.