पासष्ट इंची पाठ

टीव्ही काही टेलरकाकांच्या दुकानाच्या दारातून आत जाईना. आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, तिरका करून पाहिला. शेवटी टेलरकाकांनी गळ्यातली टेप काढली, आधी दार मोजलं, मग टीव्ही मोजला आणि म्हणाले, "जातोय की. चांगली चार बोटं शिल्लक राहतात."

"मग इतका वेळ का जात नव्हता?" टीव्हीचं दुसरं टोक धरून घामाघूम झालेल्या मेहुण्यांनी विचारलं.

"दारात तुम्ही होतात."

हे मेहुणे म्हणजे काकांच्या बायकोचे थोरले भाऊ. आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केल्यामुळे सगळे त्यांना व्होल्टेज म्हणत. टीव्ही त्यांचाच होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने पासष्ट इंची घेतला, पण घरी लावल्यावर कपाटाचं दार उघडेना, म्हणून घरच्यांनी त्याला हाकललं होतं. व्होल्टेजना जागा हवी होती आणि काकांना टीव्ही. काकांना तो बघायचा नव्हता. त्यावर कोट कापायचा होता.

छत्तीस वर्षं दुकानात कामाची वाटणी पक्की होती. बायको कापायची, काका शिवायचे. कागदावर खाका काढणं, कापडावर खडू मारणं, कात्री चालवणं ही सगळी तिची कामं. काका टेबलाच्या या बाजूला मशीनवर. तिने कापलेलं शिवायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, हा नियम. एकदा त्यांनी विचारलं होतं, की ही बाही वाकडी का. तिने त्या माणसाचा वाकडा हात दाखवला. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

ती गेली त्याला वर्ष झालं होतं. तिचे कागदी खाके कपाटात होते, तोवर काकांचं कसंबसं चाललं. मग वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि कपाटातल्या छत्तीस वर्षांचा लगदा झाला. नशीब एवढंच, की मुलीने मागे आईला हाताशी धरून सगळ्या खाक्यांचे फोटो काढून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. पण त्याचा पडदा होता पाटीएवढा. त्यावर कोटाची पाठ रुमालाएवढी दिसे. काकांनी बत्तीस पानांवर ती छापून, चिकटवून पाहिली. जी वस्तू तयार झाली तिला दोन गळे होते.

आणि नेमकी तेव्हाच अग्निशमन दलाच्या बँडची ऑर्डर आली. आठ कोट, गडद निळे, पुढच्या रविवारच्या स्पर्धेसाठी.

"बाबा, नाही म्हणा," मुलगी फोनवर म्हणाली. "दुकान बंद करा आणि इकडे या. आरामात टीव्ही बघत बसा."

"टीव्ही बघत बसायला मला काय धाड भरलीय?"

"मग असं करू. हे आठ कोट नीट झाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाले तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

तर टीव्ही भिंतीवर चढला. व्होल्टेजनी कॉम्प्युटरची वायर त्याला जोडली, आणि समोर कोटाची पाठ उभी राहिली. खरोखरच्या कोटाएवढी. काका खुर्चीवर बसले. कागदावरची ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. बाही जोडतात त्या मुंढ्यापाशी हात जरा थांबवून मग खाली ओढलेली.

"अरेच्चा, हे काय?" व्होल्टेज म्हणाले. "दोन्ही बाजूंना काळे पट्टे कसले?"

"असू देत. मधे दिसतंय ना?"

"असू देत कसे? टीव्ही घेतला पासष्ट इंची आणि चित्र मधल्यामधे? बाजूचा भाग काय शोभेला आहे?" त्यांनी रिमोट उचलला. दोनतीन बटणं दाबली. चित्र एकदम पसरलं आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेला. "हां! आता कसं!"

"पण कडा गेल्या की थोड्या. ही खाक्याच्या कडेला लाल पेन्सिलीने काहीतरी लिहायची."

"कडेला काय असतं, भाऊजी? कामाचं असतं ते मधे असतं."

मुलीने सांगून ठेवलं होतं, की टेपने लांबी मोजून चित्र लहानमोठं करा, लांबी जुळली की रुंदी आपोआप जुळते. काकांनी टीव्हीला टेप लावली. एकोणतीस इंच. बरोबर. त्यांनी पडद्यावर तपकिरी कागद चिकटवला. मागून उजेड येत होता, त्यात रेघा स्पष्ट दिसत होत्या. पेन्सिल टेकली की पडद्यावर इंद्रधनुष्य उमटायचं.

"दाब देऊ नका! पडदा आहे तो!" व्होल्टेज ओरडायचे.

"जरा ऐसपैस वाटतंय हो हे," काका पाठीच्या रेघेकडे बघत म्हणाले.

"टीव्हीवर सगळेच जाड दिसतात. ती बातम्या देणारी बाई मी बाजारात पाहिलीय. एवढीशी आहे."

काकांना हे पटलं. टीव्हीबद्दल त्यांना तसंही काही माहीत नव्हतं.

तोवर रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, दुकानात मोठ्या टीव्हीवर काहीतरी चालू आहे. दोघंजण आत येऊन बाकावर बसले. बराच वेळ पाठीचा खाका बघितल्यावर एकाने विचारलं, "कुठला देश आहे हा?"

"कोट आहे," काका म्हणाले.

"अच्छा," तो म्हणाला आणि तरीही बसून राहिला.

काका मुंढ्यापर्यंत आले तेव्हा कागदाखाली, पाठीच्या बरोबर मधे, एक चौकोन उमटला. वहीच्या पानाएवढा. कागदातून अक्षरं काही दिसत नव्हती, नुसती चौकट दिसत होती. काका क्षणभर थांबले. पाठीवर चौकोन? पण नियम तो नियम. तिने काढलंय ते शिवायचं, का म्हणून विचारायचं नाही. त्यांनी पट्टी लावून चौकोन उतरवून घेतला, आणि लगेच टीव्ही बंद पडला.

"बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की हा आपोआप झोपतो," व्होल्टेज रिमोट शोधत म्हणाले. "आधी विचारतो म्हणे. चौकटीत लिहून येतं."

"आम्हाला नाही विचारलं," काका म्हणाले.

बँडमास्तरांना धरून बँडचे आठही जण एकाच मापाचे होते, उंच आणि काठीसारखे. बँडमास्तर माणसं निवडताना आधी उंचीच बघत. सूर नंतर शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे खाका एकच पुरणार होता. काकांनी कापडाचे थर लावले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठी कात्री उचलली. ती कापडाला टेकवून त्यांनी इतक्यांदा मागे घेतली, की बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. तरी काकांनी आठही कोट कापले. कापड थोडं जास्त लागलं, पण आपण नवशिके, लागणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग एक कोट कच्चा शिवला. पाठीवर चौकोनाच्या जागी सुबक खिसा लावला.

मंगळवारी बँडमास्तर ट्रायलला आले, तेव्हा व्होल्टेज कॉम्प्युटरवरून टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावून बसले होते. टीव्ही देताना त्यांची ती अटच होती. बँडमास्तरांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. लांबी चोख होती. पण खांदे दंडावर उतरले होते, आणि पुढचं बटण लावल्यावर आत आणखी एक बँडमास्तर मावला असता.



"हवा खेळती राहील," व्होल्टेज म्हणाले.

"टेलरकाका," बँडमास्तर शांतपणे म्हणाले, "मी वळतो. कोट वळतोय का बघा."

ते वळले. कोट थोड्या वेळाने वळला. आणि पाठीवरचा खिसा सगळ्यांना दिसला.

"पाठीवर काहीतरी शिवलंय का?"

"खिसा आहे," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

"पाठीवर? मी त्यात हात कसा घालायचा?"

तेव्हा व्होल्टेज मदतीला धावले. मॅचवरची नजर न काढता ते म्हणाले, "तुम्ही नाही हो घालायचा. मागच्याने घालायचा. नोटेशनचा कागद ठेवायला. तुमच्या मागे जो वाजवतो, तो तुमच्या पाठीवर बघून वाजवेल."

बँडमास्तर खुर्चीवर बसले. कोट त्यांच्या नंतर बसला. काकांना समोर मुलीचं घर दिसायला लागलं. सोफा, रिमोट, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत टीव्ही.

"बाकीचे सात?" बँडमास्तरांनी विचारलं.

"कापून झालेत."

"सगळे असेच?"

काकांनी होकाराची मान हलवली. कुणाच्याच नजरेला नजर द्यायला नको म्हणून ते टीव्हीकडे बघायला लागले. बँडमास्तरही टीव्हीकडे बघायला लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हा चेंडू अंड्यासारखा का दिसतोय?"

"लाथेनं दबतो," व्होल्टेज म्हणाले.

"आणि गोलकीपर? तो पण दबलाय? दारातून आत जायचा नाही असा दिसतोय."

काका ताडकन उठले. टेप घेऊन टीव्हीजवळ गेले, आणि चेंडू मधोमध येताच त्यांनी तो मोजायचा प्रयत्न केला. चेंडू निसटला. दुसऱ्यांदा, पंचाने तो हातात धरून ठेवला होता, तेव्हा सापडला. उभा तीन इंच. आडवा चार.

"व्होल्टेजराव," काका म्हणाले, "ते काळे पट्टे परत आणा."

"अहो, पण मॅच..."

"आणा म्हणतो ना!"

इतक्या वर्षांत भाऊजींचा असा आवाज व्होल्टेजनी ऐकला नव्हता. त्यांनी बटण दाबलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, मधे चेंडू गोल झाला आणि गोलकीपर बारीक झाला. काकांनी मॅच बाजूला सारून खाका उघडला. पाठ एकदम ओळखीची झाली, काठीसारख्या माणसाची. चौकोन कुठेच नव्हता. आणि खाक्याची त्या दिवशी पडद्याबाहेर गेलेली कड आता पूर्ण दिसत होती. तिथे लाल पेन्सिलीने, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं:

'अहो, रुंदीपण मोजा. नुसती लांबी मोजून मोकळे होता.'

व्होल्टेजनी ते वाचलं आणि रिमोट मांडीवर ठेवला. अक्षर त्यांच्याही ओळखीचं होतं. बँडमास्तरांनी उगीचच कोटाची बटणं काढली, लावली.

काकांनी टेप आडवी लावली आणि ते पुटपुटले, "मोजतोय, मोजतोय."

पुढचं काम सोपं होतं, कारण चूक मोठ्या बाजूला झाली होती. कापड जास्तच होतं, कमी नव्हतं. काकांनी नवा खाका उतरवला, तो जुन्या कापलेल्या तुकड्यांवर ठेवला आणि तो आत आरामात बसला. या वेळी त्यांनी कात्री एकदाही मागे घेतली नाही. बाकीचे सातही कोट नव्याने कापून झाले, तेव्हा टेबलावर निळ्या पट्ट्यांचा ढीग उरला. काका कच्च्या कोटावरचा खिसा उसवायला बसले.

"थांबा," बँडमास्तर म्हणाले. ते अजून गेले नव्हते. मघापासून ते दुकानात फेऱ्या मारत होते आणि अधूनमधून कच्च्या कोटाच्या पाठीकडे बघत होते. "दरवेळी माझे मागचे चौघं तिसऱ्या कडव्याला चुकतात. पाठ होत नाही त्यांना. चालताना कागद धरणार कशात, दोन्ही हात वाद्यावर." त्यांनी घसा साफ केला. "असा खिसा आठही कोटांना लावता येईल का?"

"कापड उरलंय," काका म्हणाले.

"आठ कशाला? तुमच्या मागे चौघं, तर पुढचे चार पुरेत," व्होल्टेज म्हणाले. "फुकटचा सल्ला देतोय."

"आठांनाच लावा. दिसायला सारखं हवं."

रविवारी बँड तिसऱ्या कडव्याला चुकला नाही. बक्षीस दुसरं आलं, पण परीक्षकांनी पाठीवरच्या खिशांचा खास उल्लेख केला. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, खिशाची कल्पना कुणाची? आईची का?"

"नाही," काका म्हणाले, "टीव्हीची."

"म्हणजे बसता वाटतं टीव्हीसमोर."

"दिवसभर," काका म्हणाले. विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या शनिवारी व्होल्टेज मॅच बघायला आले. टीव्हीवर एका जाकिटाचा खाका होता, आणि काका पडद्यापाशी उभे राहून काहीतरी बोलत होते. व्होल्टेज दारातच थांबले.

"कुणाशी बोलताय, भाऊजी?"

काका दचकले. "कुणाशी नाही. टीव्हीशी."

"मग एवढं दचकायचं काय? मी पण बोलतो टीव्हीशी. मॅच चालू असली की सारखा सांगत असतो, पास दे, पास दे." व्होल्टेज बाकावर टेकले. बाक कुरकुरलं. "पण काही उपयोग नसतो. तिकडे कुणी ऐकतच नाही."

"आमच्याकडे उलट आहे," काका म्हणाले. "ऐकायचं काम माझ्याकडे आहे."

आणि त्यांनी रुंदी दुसऱ्यांदा मोजली.