तळचा खुट्टा

डोमाभाऊ माती चाखायचे. धानाच्या बांधीत उतरायचे, बोटभर चिखल जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थुंकून सांगायचे, "अजून मागत नाई." मग संपलं. अख्खी ग्रामसभा आली तरी तळ्याचं पाणी सुटायचं नाही.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं. गावच्या तळ्याचं पाणी बांध्यांना सोडायचं काम डोमाभाऊंकडे. तळ्याच्या बांधात, म्हणजे पाळीत, पाणी सोडायचं दगडी तुडूम, त्याला खालीवर चार भोकं, प्रत्येकात एक लाकडी खुट्टा. पाणी उतरेल तसा वरून एकेक खुट्टा काढायचा. वरचे तीन ते काढत. तळचा चौथा त्यांनी काढलेला कोणी पाहिला नाही. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी. चौथ्या खुट्ट्याचं पाणी लागायचं ते तिलाच. लोक टोमणे मारत, "डोमा, घरची माती काऊन नाई चाखत बे?" ते हसत आणि बिडी पेटवत.

आम्ही ढिवर. त्याच तळ्यात बाबा जाळं टाकायचे, माय मासोळ्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायची. मासे लागले नाहीत त्या दिवशी कण्यांची आंबील, आणि कण्याही नसल्या तर लवकर झोपायचं. माझ्याआधी आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं.

एकदा सरपंच फटफटीवर पाळीवर आले. "डोमा, पाणी सोड. मी सांगून राह्यलो."

"पाणी तुमाले पाह्यजे का धानाले?"

"धानाले."

"मंग थांबा, त्याले इचारून येतो." आणि खरंच बांधीत उतरले!

बंद करण्याचं तर त्यांना वेडच होतं. लग्नात गेले की आधी पाण्याच्या ड्रमचं झाकण दाबून पाहायचे. चहाच्या टपरीवर साखरेचा डबा उघडा दिसला की चहावाल्याचा उद्धार. "उघडाले अक्कल लागत नाई. बंद ठेवाले लागते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं. त्याचा अर्थ कळला तो नागपूरला.

तिथे मी रसायनशास्त्रात संशोधन करत होतो. धानाच्या तुसाची राख असते ना, तिच्यापासून आम्ही डोळ्यांना न दिसणारे सच्छिद्र कण बनवायचो. त्या छिद्रांत औषध भरायचं, तोंडाशी रेणूचा एक दांडा रोवायचा आणि त्यावर दुसऱ्या रेणूचं कडं बसवायचं. ही झडप. साध्या पाण्यात ती बंद राहायला हवी, आंबट जागी पोचली की उघडायला हवी. कॅन्सरच्या पेशींच्या आत असा आंबटपणा सापडतो. औषध तिथेच सुटलं तर बाकीचं शरीर वाचेल, ही आशा. चाचणीसाठी औषधाऐवजी गुलाबी रंग भरायचो. माझी झडप उघडायची झकास, बंदच राहायची नाही. सकाळी पाहावं तर साधं पाणी गुलाबी. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "दिवाळीनंतर एकदाच करून बघ. नाही जमलं तर विषय बदलायचा." म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

दिवाळीत गावी गेलो. डोमाभाऊ पाळीवर होते. माझं तोंड पाहून म्हणाले, "गळून राह्यलं वाट्टे काई?" मी काडीनं मातीत कण काढला, छिद्र, दांडा, कडं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा दांडा एवढा लांब काऊन?"

"कडं नीट बसावं म्हणून."

"अन् मंग ते भोकापासून दूर नाई राह्यत? बाजूनं पाणी जाईनच ना बाप्पा! खुट्टा कसा पाह्यजे? भोकाले चिकटून. आखूड कर."

परत जाऊन दांडा आखूड केला. सात दिवस बाटलीतलं पाणी स्वच्छ राहिलं.

पुढच्या वेळी ती बाटली घेऊन पाळीवर गेलो. तळाशी कणांचा पांढरा थर, वर नितळ पाणी. त्यांनी उजेडात धरून पाहिली. मी लिंबू पिळलं. थोड्या वेळानं गुलाबी रंग वर चढत गेला. डोमाभाऊंनी डोळे मिटले, जसे चिखल चाखताना मिटायचे.

"आंबट लागलं, उघडलं," ते म्हणाले. "माणसाचं आयकत नाई. बेस हाय."

मी विचारून टाकलं, "भाऊ, तळचा खुट्टा तुम्ही कधीच काऊन नाई काढला? तुमचं धान तर दरवर्षी सुकायचं."

त्यांनी आधी बाटलीचं झाकण घट्ट दाबलं.

"तो काढला असता तर मासोळ्या कुठी राह्यल्या असत्या? तुया बापानं जाळं काय चिखलात टाकलं असतं? मले ना लेक ना लेकरू, मले किती धान लागते? तुयं कॉलेज तिथी तळाले पोहून राह्यलं होतं बे."

मी तळ्याकडे पाहत राहिलो. उन्हाळ्याचे दिवस होते. तळाशी तेवढंच पाणी होतं, आणि त्यात बाबांचं जाळं.

ती झडप साध्या पाण्यात गळत नाही, आंबटात उघडते. तिच्यावर मला पीएच.डी. मिळाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर माय-बाबांच्या नावांखाली डोमाभाऊंचं नाव आहे.