पाडलीतला काना

साहेब, तुमच्या खात्यात कोणीच काही करत नाही. रस्ता खणला जातो, पाणी बंद ठेवण्यात येतं, फाइल गहाळ होते. करणारा माणूस एकाही वाक्यात सापडत नाही, कारण तो तुम्ही लपवता. कसा लपवता, ते मीरा रोडच्या मयेकर नवरा-बायकोला विचारा.

यंदा, २००६ सालच्या मे महिन्यात तुमच्या गटाराचं खोदकाम चालू होतं. जेसीबीने मयेकरांच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराची भिंत पाडली. उर्मिला कुकर लावत होती. धूळ बसली तेव्हा तिच्या ओट्यासमोर रस्ता होता आणि रस्त्यावर शेअर रिक्षाची रांग.

उर्मिला घरी दहावीच्या मुलांना इंग्लिश शिकवते. तेव्हा पॅसिव्ह व्हॉइस चालू होता. "कर्ता माहीत नसला किंवा महत्त्वाचा नसला, की बाय गाळायचा," असं ती सांगायची. त्याच ओघात तिने तक्रारअर्ज लिहिला, 'द वॉल वॉज डिमॉलिश्ड.' इंग्लिश बघून ऑफिस हलेल असं तिला वाटलं.

तिचा नवरा यतीन अर्ज घेऊन तुमच्या ऑफिसात गेला. कारकून आत्माराम हलला नाही.

"बाय कोण?"

"म्हणजे?"

"डिमॉलिश्ड बाय कोण? नाव कुठंय? परत लिहून आणा."

यतीनने मराठीत लिहिलं, 'खात्याच्या जेसीबीने भिंत पाडली.'

"जेसीबी काय आपणहून चालतो? माणसाचं नाव पाहिजे."

जेसीबीवाला शिवा म्हणाला, "मैं क्या करूँ, ठेकेदार बोला इधर खोद." ठेकेदार म्हणाला, "आपण सांगितलेलं काम करतोय. साहेबांना विचारा." आणि साहेब, तुम्ही म्हणालात, "वरून सूचना होत्या." तुमच्या केबिनच्या वर गच्ची आहे. यतीन तिथेही जाऊन आला. पाण्याची टाकी होती.

इकडे रांगेतली माणसं ओट्याशी थांबायला लागली.

"भाभी, दो कटिंग."

"ये घर है."

"तो एक ही दे दो."

उर्मिलाने जुन्या साडीचा पडदा लावला. तो वाऱ्याने उडायचा. शेजारच्या हंसाबेन एकदा धावत आल्या. "उर्मिलाबेन, डाळ लागली तुमची. रिक्षावाला बोलला मला."

शेवटी आत्मारामलाच दया आली. "मयेकर, ऐका. त्यातला काना काढा. 'पाडली' म्हटलं की पाडणारा लागतो. 'पडली' लिहा. त्याला कोणी लागत नाही. लगेच माणूस पाठवतो बघायला."

यतीनने घरी येऊन सांगितलं.

"म्हणजे कोणी पाडलीच नाही?" उर्मिलाने विचारलं.

"तुला भिंत पाहिजे की व्याकरण?"

ती ओट्यापलीकडच्या रांगेकडे बघत राहिली. "भिंत," ती म्हणाली.

काना काढला. माणूस खरंच आला. विटा बघितल्या, पडदा बाजूला सारून बघितला, मग रस्त्यावरच उभं राहून म्हणाला, "वहिनी, चहा होईल का?" भिंतीचं काम अडायला नको म्हणून उर्मिलाने आलं घालून दिला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनीही हात पुढे केले. त्यांनाही दिला.

पुढच्या आठवड्यात नोटीस आली. 'सदर घराची भिंत आपल्याकडून पाडण्यात येऊन तेथे विनापरवाना चहाची टपरी सुरू करण्यात आली आहे.'

उर्मिलाने ती दोनदा वाचली. "काना परत आला," ती म्हणाली. "बायसकट."

त्या संध्याकाळी शिकवणीत दिव्याने हात वर केला. "टीचर, बाय कधी गाळायचा ते कळलं. लिहायचा कधी?"

"नाव आपलं असेल तेव्हा," उर्मिला म्हणाली. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

साहेब, नोटिशीला उत्तर देण्यासाठी मयेकरांना मुदत देण्यात आली आहे. ते देतील. आता तुम्हीही एका प्रश्नाचं द्या. भिंत कोणी पाडली? पूर्ण वाक्यात लिहा. कर्ता गाळायचा नाही.