टाकीतल्या औषधावर रुमाजीरावांनी मोट चालविली ती हकीकत

श्री. ज्या उबेने अंड्यातला जीव बाहेर येतो, त्या उबेस प्रथम दंडवत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. पत्र्याच्या शेडात एक पांढरी कोंबडी, आणि तिच्या आतड्यात जीवाणूंचे राज्य. त्यास नाव कोणी ठेविले नाही. तेथे रुमाजीराव सरदार, कुळी रोगकारी, कोंबडीस हगवण लावावी हीच पिढीजात मर्दुमकी. आणि शेजारी ठकूबाईसाहेब, कुळी निरुपद्रवी, दाणा पचवावा आणि स्वस्थ असावे. रुमाजीराव त्यांस फुकटखाऊ म्हणत.

शेडच्या धन्यास हाव की पक्षी लवकर वजनदार व्हावेत, म्हणून धडधाकट पक्ष्यांच्याही खाद्यात तो रोज औषधाची चिमूट घालीत गेला, आणि त्या चिमटीने निरुपद्रवी कुळीचे असंख्य लोक नाहक संपले, आणि जे उरले त्यांजपाशी एक विद्या होती, गोल कड्यावर कोरलेली: आत शिरलेले औषध मोट लावून बाहेर उपसण्याची. मग रुमाजीरावांनी हगवणीची मोहीम काढिली, आणि धनी संतापून पाण्याच्या टाकीतच औषध ओतविता जाहला. फौजेत एकाही गड्यास वाढता येईना, एकाचे दोन होता येईना. वंश खुंटला. तेव्हा रुमाजीराव तडक ठकूबाईंच्या दारी आले.

"काय सरदार, फुकटखाऊंच्या दारी?"

"कालही म्हणालो, उद्याही म्हणेन. पण वंश बुडतो, बाईसाहेब. कडे द्या."

"पाया पडा की!"

"आम्हांस पाय कोठले?"

बाई खळखळून हसल्या. मग त्यांचा कारभारी भानजी पुढे येऊन बोलिला, "बाई, याला कडे दिलेत तर हा कोंबडीच मारील. आपण मग राहायचे कोठे?"

आणि बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "भानजी, आपण कोणाचे काय बिघडविले होते? तरी रोज चिमूट आपल्याच डोक्यावर. मारणाऱ्याने कूळ पाहिले नाही. देताना मी का पाहू?"

ऐसे बोलून बाईंनी नळीसारखा हात लांबविला, आणि कड्याची हुबेहूब नक्कल रुमाजीरावांच्या अंगी उतरली, आणि बाईंचे कडे बाईंपाशीच राहिले, आणि औषध तर चहूंकडून आत येतच होते, आणि रुमाजीरावांस वाटले, उशीर जाहला, आणि मग—

मोट चालली.

औषध बाहेर पडू लागले. रुमाजीरावांचे दोन जाहले, दोहोंचे चार, प्रत्येकापाशी कडे. धन्याने दुप्पट औषध ओतविले. "ओता!" रुमाजीराव गर्जले. "टाकी ओता, विहीर ओता!"

कोंबडीचे पाय मुडपले. मान कलली. राज्य गार पडू लागले.

"घर मोडलेत, सरदार," बाई म्हणाल्या.

"मोडले," रुमाजीराव म्हणाले, आणि पहिल्यानेच त्यांनी मान लवविली. "पण तुमचे कडे मोडू देत नाही."

आणि विष्ठेतून ते बाहेर पडले, आणि फावड्याने खतात गेले, आणि खतासंगे शेतात. तेथे मातीतले परके जीवाणू जमले. एकाने विचारले, "कोण? कुठल्या कुळीचे?"

"कूळ राहू द्या," रुमाजीराव म्हणाले आणि हात लांबविला. "हे धरा."

येणेप्रमाणे कोंबडी गेली, राज्य मोडले, राज्यकर्ते मात्र वाढले. धन्याने नवे औषध खुशाल आणावे. शेतात तयारी आहे. हकीकत येथवर.