न वाजलेली शिट्टी

घाबरण्याचा मला पगार मिळतो. मी बॉयलर इन्स्पेक्टर आहे. कारखान्यातल्या अवाढव्य बॉयलरपुढे उभं राहायचं, कान द्यायचा, काट्याकडे बघायचं आणि इतरांच्या आधी घाबरायचं, हे माझं काम. आजवर माझ्या देखरेखीखालचा एकही बॉयलर फुटलेला नाही! फुटायचा विचार त्याच्या मनात येण्याआधीच मी तो बंद करायला लावून बाहेर पळालेला असतो. तेव्हा वाफ कशी वागते हे मला कोणी शिकवू नये.

सूप करायची वेळ आली ती सासूबाईंमुळे. त्यांना न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलमधून आम्ही त्यांना थेट आमच्याकडे आणलं. यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरात पाऊल टाकताच सांगितलं, "उद्या सकाळच्या बसनं मी माझ्या घरी जाते. इथे माझं काय काम?"

बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ही तिकडे एकटी पडली तर पुढच्या वेळी आपल्याला कळायचंसुद्धा नाही. हॉस्पिटलातही नुसता चमचा हलवत होती. आपल्या घरात मनापासून चार घास जेवली ना, तर राहील."

"मग मी सूप करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"वाफेचाच तर प्रश्न आहे!"

तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. आमची नुकतीच बदली झाली होती आणि ट्रंक उचलताना तिचं उजवं मनगट मुरगळलं होतं. सामानाचा ट्रक वाटेत कुठेतरी बंद पडला होता. स्वयंपाकघरात एक सिलिंडर, पाण्याचा एक पत्र्याचा डबा, एक पाय आखूड असलेली एका बर्नरची शेगडी आणि एका बाजूला उतरता ओटा, एवढाच संसार. कुकर समोरच्या बिऱ्हाडातल्या टेलरमास्तरांकडून आणला. सुरी त्यांच्याकडेही सापडेना, म्हणून कात्री आणली.

"त्या कात्रीनं मी फक्त कापड कापतो बरं का," मास्तर काळजीनं म्हणाले.

"गाजर म्हणजे काय, जाड कापडच," मी म्हणालो.

गाजरं कात्रीला वश झाली. भोपळा होईना. शेवटी तो टॉवेलात गुंडाळून जमिनीवर आपटला. अर्धा कुकरमध्ये गेला, अर्धा ओट्यावर राहिला. डाव नव्हता, म्हणून माझ्या पिशवीतली स्टीलची पट्टी स्वच्छ धुऊन तिनं ढवळलं. झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला आणि लगेच बाहेर आलो. दाबाखाली असलेल्या भांड्याजवळ विनाकारण थांबायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला धडा.

बाहेरच्या खोलीत गुंडाळलेल्या गाद्यांवर आम्ही बसलो. बायको, सासूबाई, मी आणि आमची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात. कॉलेजात जाणाऱ्या या चिमणीचं तोंड दिवसभर मिटत नाही. मी त्यांना वाफेबद्दल माहिती देत होतो. मधे सासूबाई पाणी प्यायला म्हणून आत जाऊन आल्या. मी त्यांना सौम्यपणे म्हणालो, "आई, आता आत जाऊ नका हं. दाब वाढत असेल."

त्या माझ्याकडे बघत गादीवर टेकल्या.

बराच वेळ गेला. माझी माहिती संपली. तरी शिट्टी झाली नाही.

"बाबा, अजून शिट्टी कशी नाही?" चिमणीनं विचारलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. जो आवाज येतो त्याला भ्यायचं नसतं. जो यायला हवा आणि येत नाही, त्याला भ्यायचं. शिट्टी होत नाही, म्हणजे वाफेची वाट बंद झालेली. भोपळ्याचा तुकडा भोकात अडकला असणार. वाफ आत कोंडते आहे, दाब चढतो आहे आणि भांडं गप्प आहे.

"सगळे बाहेर," मी हळूच म्हणालो.

"म्हणजे कुठे?" बायको म्हणाली.

"जिन्यात. पळू नका, ओरडू नका, दाराला धक्का लावू नका."

"अहो, आई आजारी आहे."

"म्हणूनच त्या आधी!"

सासूबाईंना शाल गुंडाळून जिन्याच्या पायरीवर बसवलं. आवाज ऐकून मास्तर दारात आले. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"मास्तर, तुमचा कुकर शिट्टी द्यायला वेळ लावतो का?"

त्यांनी एकेक टाचणी काढली. मला धीर धरवत नव्हता. "छे हो," ते म्हणाले, "पाणी तापायचा अवकाश की देतो. एकदाच दिली नव्हती."

"मग?"

"मग काही नाही. झाकण छताला लागलं. रंग द्यावा लागला पुन्हा."

माझी पाचावर धारण बसली. बायकोनं चिमणीला जवळ ओढलं. मी सगळ्यांना आणखी अर्धा जिना खाली उतरवलं. सासूबाई उतरताना दमल्या, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"कोणीतरी आत जाऊन गॅस बंद करायला हवा," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली. चिमणीही बघू लागली. मास्तरही बघू लागले.

"नियमाप्रमाणे," मी म्हणालो, "अशा वेळी कोणीच आत जायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"इंधन संपायची वाट बघायची."

"सिलिंडर कालच आणलाय, बाबा," चिमणी म्हणाली.

तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला. मास्तर पायरीवर आडवे झाले. मी बायकोला आणि चिमणीला कवेत घेऊन भिंतीला चिकटलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला एकच वाटलं, आपण यांना सूप पाजायला निघालो आणि यांचा जीव घेऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा सगळं शांत झालं. ही शांतता आधीच्या शांततेपेक्षा वाईट होती.

"झाकण गेलं का?" बायकोनं पुटपुटत विचारलं.

"झाकण असं जात नाही," मी म्हणालो. "हा इशारा आहे. आता खरं होईल."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पायरीवर नुसती शाल होती.

"आजी!" चिमणी किंचाळली.

सासूबाई कठड्याला धरून वर पोचल्याही होत्या. "मला भूक लागलीय," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आणि गोळी जेवणानंतर घ्यायचीय."

बायको त्यांच्यामागे धावली, मी बायकोचा पदर धरला, चिमणीनं माझा शर्ट धरला. आमची ही साखळी दारात पोचेपर्यंत सासूबाई कुकर दोन्ही हातांत घेऊन बाहेर आल्या होत्या. उघड्या हातांत! झाकण काखेत होतं. आत थंडगार पाण्यात कच्ची गाजरं आणि भोपळा निवांत पडले होते.

"गॅस बंद आहे," त्या म्हणाल्या. "मीच केलेला दिसतो. पाणी पिऊन निघताना आत कोणी नव्हतं. माणूस नाही तिथे आग ठेवायची नाही, ही माझी सवय आहे. हात आपोआप जातो."

"मग तो आवाज?" मास्तरांनी उठत विचारलं.

"अर्धा भोपळा ओट्यावरून घरंगळून डब्यावर पडलाय."

मास्तर आपली कात्री घेऊन गेले.

सासूबाईंनी पदर खोचला. चिमणीला मीठ आणि कप मागायला मास्तरांकडे पाठवलं, मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं आणि झाकण न लावता सूप उकळलं. वाडगे नव्हते, म्हणून चहाच्या कपांतून प्यायलो. त्या दोन कप प्यायल्या. तिसरा त्यांनी स्वतःच मागून घेतला. बायको त्यांच्या कपाकडे बघत होती, स्वतःच्या कपाला तिनं तोंडही लावलं नव्हतं.

"आई," ती भीतभीत म्हणाली, "उद्याची बस..."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "तुझे बाबा असते तर सरळ आत गेले असते," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांची गच्चीवरची टाकी गळत होती, तेव्हा सगळी गल्ली खाली उभी राहून बघत होती. हे एकटे वर चढले. फार धीट माणूस. म्हणून तर मी आज एकटी आहे."

बायकोनं मान खाली घातली.

मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मी बॉयलर बघतो तसं.

"हे काही कुठे वर चढायचे नाहीत," त्या लेकीला म्हणाल्या. "जावईबापू पुष्कळ जगतील. तू एकटी पडायची नाहीस. मी राहते इथेच."

बायको त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली आणि रडता रडता माझ्याकडे बघून हसायला लागली. मीही हसलो. कप गोळा केले आणि धुवायला घेऊन गेलो.

ते माझं कौतुक होतं की आणखी काही, हे मला अजून कळलेलं नाही. बायकोला नक्की कळलंय. पण तिला विचारायची भीती वाटते.