सासूबाई बसल्या की सुरू

टेक्निकलराव हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाही. ते पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून आहेत, आणि पाच वर्षांपूर्वी तिथल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून ऑफिसात कुणाचाही माऊस हलेनासा झाला की त्यांना हाक जाते. (माऊस बहुतेक वेळा त्यांच्याही हातात हलत नाही; पण ते त्याच्याकडे इतक्या गांभीर्याने बघतात की लोकांचं तेवढ्यावर समाधान होतं.) ऐकून ऐकून त्यांचा स्वतःचाही त्या नावावर विश्वास बसला, आणि तिथेच घात झाला.

गेले सहा महिने घरच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक छोटीशी चौकट येऊन सांगत होती की नवीन ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे, टाकायची का? टेक्निकलराव रोज 'नंतर' म्हणायचे. त्या शनिवारी सकाळी मात्र त्यांचा चहा उत्तम झाला होता, ऑफिसला सुट्टी होती आणि बायको कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेली होती. त्यांनी 'होय' दाबलं.

आता त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते सांगायला हवं. त्यांची बायको भूगोल शिकवते. नद्यांचे प्रवाह कसे सरकतात यावर तिने सहा वर्षं खपून एक थिसिस लिहिला होता, तीनशे पानांचा, नकाशांसकट. सोमवारी दुपारी बाराच्या आत तो विद्यापीठात जमा करायचा होता. शनिवारी संध्याकाळी येऊन ती त्यावर शेवटचा हात फिरवणार होती. आणि थिसिसची रोजच्या रोज दुसरीकडे प्रत काढून ठेवणं, म्हणजे बॅकअप, हे काम घरातल्या कामवाटपात टेक्निकलरावांकडे होतं. ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. सुरुवात मात्र अजून व्हायची होती.

खोलीत त्या वेळी सासूबाई होत्या; त्या याच घरात राहतात. सासूबाई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, शेवटची बारा वर्षं हेड ऑपरेटर. रोज सकाळी दहा ते अकरा आणि दुपारी चार ते पाच त्या कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसून जुनी गाणी ऐकतात. गाणी त्यांच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर आहेत. चष्म्याच्या घरात मावते एवढी ती काळी डबी त्या येताना त्यातच घालून घेऊन येतात, मशीनच्या मागे खोचतात आणि जाताना काढून नेतात. ऐकता ऐकता एक्स्चेंजच्या गोष्टीही सांगतात. केबल उंदरांनी कुरतडली तर वापरायची राखीव लाइन म्हणजे 'उंदीर लाइन', छत गळलं तर वापरायची ती 'गळती लाइन', अशी नावं त्या कशा द्यायच्या, ही गोष्ट टेक्निकलरावांनी चाळीस वेळा ऐकली होती. म्हणजे ती चालू असताना ते चाळीस वेळा तिथे हजर होते.

मशीन प्रश्न विचारत गेलं आणि टेक्निकलराव 'पुढे, पुढे' करत गेले. शेवटी त्याने विचारलं, बूटलोडर कुठल्या डिस्कवर टाकू? खाली दोन डिस्का दाखवल्या होत्या, एक लहान आणि एक तिच्या चौपट. बूटलोडर हा शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण पाणीपुरवठ्यात हयात गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की मुख्य टाकी नेहमी मोठी असते. त्यांनी मोठी डिस्क निवडली. पाऊण तासाने नवा कोरा पडदा उघडला. सासूबाईंनी मान वर करून छान दिसतंय म्हटलं, आपली डबी काढली आणि त्या आंघोळीला गेल्या.

टेक्निकलरावांना ते सुरू होतानाचं दृश्य पुन्हा एकदा बघायचा मोह झाला. त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. काळाकुट्ट पडदा आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की असं कुठलंही साधन सापडत नाही. त्याखाली एक रेघ लुकलुकत राहिली.

त्यांनी मशीन सात वेळा बंद-चालू केलं. प्लग काढून पुसून लावला. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला की बूटलोडर बिघडला असणार. मशीन चालू झाल्याबरोबर सगळ्यांत आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो तो बूटलोडर. तोच जागेवर नसेल तर बाकी सगळे आत झोपूनच राहणार. आणि त्याला सोमवारी संध्याकाळशिवाय यायला जमणार नव्हतं. सोमवारी संध्याकाळी म्हणजे थिसिसची मुदत टळून सहा तास झालेले असणार होते. सहा वर्षं टेक्निकलरावांची बायको रविवारीसुद्धा त्या खुर्चीत बसली होती. बहिणीच्या मंगळागौरीला नाही, सिनेमाला नाही, कुठे म्हणून गेली नव्हती. एका नदीच्या वळणासाठी तिला रडताना त्यांनी पाहिलं होतं. तिला आता काय सांगायचं? ते जेवले नाहीत. (वरण मात्र थोडं प्यायले.)

चार वाजता सासूबाई आल्या, नेहमीसारख्या खुर्चीत बसल्या, वाकून मागे काहीतरी केलं आणि बटण दाबलं. टेक्निकलराव त्यांना थांबवायला म्हणून उठले ते तसेच उभे राहिले. पडदा उजळला. सगळं जागच्या जागी होतं आणि बायकोचा थिसिस मधोमध दिसत होता.

शहाण्या माणसाने तेवढ्यात थिसिस कुठेतरी उतरवून घेतला असता. टेक्निकलरावांनी हात जोडले.

पाच वाजता सासूबाई डबी घेऊन खाली बागेत फिरायला गेल्या. खात्री करून घ्यावी म्हणून टेक्निकलरावांनी मशीन बंद करून परत चालू केलं. (हो. परत.) काळा पडदा, तीच ओळ. ते चपला न घालता खाली धावले आणि वर तुमचं आवडतं गाणं लागलंय अशी थाप मारून सासूबाईंना घेऊन आले. सासूबाई बसल्या, वाकल्या, बटण दाबलं. सुरू.

आता मात्र त्यांच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षं ते सासूबाईंना नुसते घाबरत आले होते. आपण कुणाच्या शेजारी बसून चहा पितो आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. जे यंत्र त्यांच्यासारख्या माणसाला दाद देत नाही, ते या बाईंची नुसती चाहूल लागली की उठून बसतं. त्यांनी सासूबाईंच्या पाठीला उशी दिली. पायाखाली पाट ठेवला. पाणी, चहा, परत पाणी आणून दिलं. पंखा चालू असताना वर्तमानपत्राने वारा घातला.

सासूबाईंनी थोडा वेळ हे सोसलं. मग गाण्याचा आवाज कमी करून म्हणाल्या, "जावईबापू, काय मोडलंत?"

टेक्निकलरावांनी सगळं सांगून टाकलं. निम्म्यावर आले असतील नसतील तोच दार वाजलं आणि बायको आली. मग त्यांनी पहिल्यापासून परत सांगितलं, आणि शेवटी मान खाली घालून म्हणाले, "आता आई उठल्या की थिसिस गेला. सोमवारपर्यंत त्यांना इथेच बसवून ठेवावं लागेल. मी जेवण इथे आणून देईन."

त्यांना वाटलं होतं की ती रडेल, किंवा पर्स फेकून मारेल. तिने पर्स खुंटीला अडकवली. "बरं," ती म्हणाली. "आई, तू बघ गं जरा." आणि हातपाय धुवायला गेली. सहा वर्षांचं काम पाण्यात जाताना एवढी शांत राहणारी बाई आपल्यासारख्याच्या संसारात आली कशी, हे टेक्निकलरावांना कळेना.

सासूबाईंनी चष्मा नीट केला. एक्स्चेंजमध्ये एकच लाइन कधी लागायची, कधी तुटायची, तेव्हा त्या हाच प्रश्न विचारत असत म्हणे: लागते तेव्हा काय असतं, आणि तुटते तेव्हा काय नसतं?

"मी बसले की लागतं, उठले की तुटतं," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगात काही नाही हो. मी येताना काय घेऊन येते?"

टेक्निकलरावांनी खूप विचार करून सांगितलं, "पुण्याई."

सासूबाईंनी मशीनच्या मागे बोट दाखवलं. तिथे काळी डबी खोचलेली होती. टेक्निकलरावांनी मोठी टाकी म्हणून जिच्यावर बूटलोडर टाकला होता, ती सासूबाईंची गाण्यांची डिस्क होती. सगळ्यांना उठवणारा तो प्रोग्रॅम दिवसभर सासूबाईंच्या चष्म्याच्या घरात बसून आंघोळीला आणि बागेत जाऊन आला होता.

"म्हणजे ऑपरेटर बोर्डावर नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तिची बदली माझ्या चष्म्याच्या घरात केलीत."

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. टेक्निकलरावांनी दुपारी त्याला मशीन चालू होत नाही एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंनी दोन वाक्यांत बिघाड सांगितला. तो म्हणाला, एवढंच असेल तर एका ओळीचं काम आहे, लिहून घ्या. सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. तो एकेक अक्षर सांगायचा, त्या ते टाइप करायच्या आणि खणखणीत आवाजात परत वाचून दाखवायच्या. चौतीस वर्षं लोकांचे नंबर त्यांनी याच आवाजात परत वाचले असणार. टेक्निकलराव भिंतीला टेकून ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सासूबाईंचं बोलणं संपू नये असं वाटलं.

मशीन बंद झालं. सासूबाईंनी डबी काढून मुठीत घेतली आणि खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "दाबा," त्या बाहेरून म्हणाल्या. टेक्निकलरावांनी डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तेव्हा पडदा उजळलेला होता, आणि खुर्चीत कुणीही नव्हतं. बायको पदराला हात पुसत आली आणि कामाला बसायच्या तयारीला लागली.

डबीला काही इजा नाही ना हे तेवढं बघू, म्हणून सासूबाईंनी ती परत खोचली. गाणी सगळी शाबूत होती. गाण्यांच्या खाली तीन फोल्डर होते: 'उंदीर', 'गळती' आणि 'जावईबापू'.

टेक्निकलरावांचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत या घरात त्यांच्या नावाची एवढी जागा कुणी राखली नव्हती. नळाच्या बिलावरसुद्धा बायकोचं नाव आहे. त्यांनी तो फोल्डर उघडला. आत थिसिस होता. एक नाही, दोनशे चौदा. रोजची एक प्रत, अगदी कालपर्यंतची. सगळ्यांत पहिल्या प्रतीवरची तारीख त्यांना ओळखीची वाटली. बॅकअपचं काम त्यांनी मागून घेतलं तो दिवस.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

मग त्यांनी बाकीचे दोन फोल्डर उघडून पाहिले. 'गळती'मध्ये भिंतीतल्या कपाटातल्या जुन्या फोटोंच्या प्रती होत्या, भिंत ओली झाली तर असू द्याव्यात म्हणून. 'उंदीर'मध्ये घराच्या कागदपत्रांच्या प्रती होत्या.

उंदरांसाठी सासूबाईंना नऊ प्रती पुरल्या होत्या.