पाऊण गाडी बाकी

"नुसतं पाणी मारा आणि फडकं फिरवा," बायकोने गॅलरीतून तिसऱ्यांदा बजावलं. "बाबा जेवायच्या वेळेला येतायत."

"पाणी काय, कोणीही मारतं," डॉक्टर म्हणाले आणि दवाखान्यातून आणलेली, दात चकचकीत करायची छोटी मशीन त्यांनी गाडीच्या डाव्या दिव्याला लावली.

गाडी सासऱ्यांची होती. सासरे सहा महिने मुलाकडे राहायला चालले होते आणि मागे गाडी कोणाच्या हवाली करायची, याची त्यांनी चक्क परीक्षा ठेवली होती. एक आठवडा थोरल्या जावयाकडे, एक आठवडा धाकट्याकडे, म्हणजे डॉक्टरांकडे, आणि आज निकाल. त्यांचं आयुष्य कारखान्यात मालातले दोष काढण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर माल उरला नाही, म्हणून ते जावयांकडे वळले होते. डॉक्टरांकडे स्वतःची गाडी होती. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासऱ्यांनी आपल्यावर घराला कुलूप लावण्याइतकासुद्धा भरवसा टाकला नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. चावी हवी होती ती त्यासाठी.

डॉक्टर दातांचे, त्यामुळे कामाची रीतही दातांचीच. एक घ्यायचा, तो पुरता करायचा, मगच शेजारच्याकडे बघायचं. पिवळट पडलेला डावा दिवा बघता बघता लख्ख झाला, तसा त्यांना हुरूप आला. मग दिव्याच्या कडेची फट, मग जाळीतला मळ, मग चाकावरचा पत्रा, मग बॉनेटचा डावा कोपरा. आता हे बॉनेटला "आ करा" म्हणतात की काय, अशी वरून बघणाऱ्या बायकोला धास्ती वाटली आणि ती खाली आली.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"कशी झाली?"

"एवढा कोपरा शोरूममधला वाटतोय. आणि बाकीची गाडी भंगारातली!"

डॉक्टर उठले, चार पावलं मागे गेले आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी अख्खी गाडी पाहिली. काल ती नुसती जुनी होती. आज लखलखत्या कोपऱ्याच्या शेजारी ती अगदी दीनवाणी दिसत होती.

"होईल की. पाऊणच गाडी बाकी आहे," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात मशीनने मान टाकली. ती चार्जिंगला लावावी, तर बायकोचा फोन वाजला.

"बाबा टॅक्सीत बसले. पोचतातच." तिने पदर खोचून उजव्या दिव्यावर फडकं घासून पाहिलं. दिवा ढिम्म पिवळा. "काही उपयोग नाही. आता ते म्हणणार, जावयाने गाडी ठोकली आणि तेवढा भाग नवा करून आणला!"

हे मात्र खरं होतं. डॉक्टर दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. पण क्षणभरच.

"आजूबाजूचे दात पिवळे असले, की मी खोटा दात पांढरा बसवत नाही," ते म्हणाले. "शेजाऱ्यांच्या रंगाचा बसवतो. घरात सकाळचा चहा उरलाय का? आणि व्हॅक्युम क्लीनरची पिशवी आण."

मग जे झालं त्याला कलाच म्हणायला हवं. दिव्यावर चहाचे हात बसले, एकावर एक, उजव्या दिव्याकडे डोळे बारीक करून बघत बघत. पत्र्यावर तेलाचं बोट फिरलं आणि त्यावर पिशवीतली धूळ हलकेच फुंकली गेली. उजव्या बाजूला एका पक्ष्याने जे केलं होतं, ते डावीकडे करायला मात्र बायकोने साफ नकार दिला.

सासरे आले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली.

"थोरल्याने धुऊन, वर सेंट मारून आणली होती," ते म्हणाले. "मी तेव्हाच ताडलं, काहीतरी झाकतोय. तुम्ही नेली तशीच ठेवलीत, डॉक्टर. द्या बघू चावी. एकदा सुरू करून बघतो, मग ती तुमचीच."

डॉक्टरांनी आनंदाने चावी दिली. सासरे दार उघडायला वळले आणि जाता जाता जुन्या सवयीने त्यांचं बोट डाव्या दिव्यावरून फिरलं. बोटामागे एक लख्ख रेघ उमटली. सासऱ्यांनी बोट नाकाशी नेलं.

"चहा?"

डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सासऱ्यांनी चावी स्वतःच्या खिशात टाकली.

"थोरलाच बरा. तो झाकतो, पण निदान धुऊन झाकतो."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. बायकोने तर कपाळाला हात लावला आणि पाणी आणायला आत गेली. सासरे मात्र तिथेच उभे. एकदा डावा दिवा बघत, एकदा उजवा. मुलगी दिसेनाशी झाल्यावर ते जवळ सरकले.

"पण मला ओळखू आलं नाही, डॉक्टर. मला! बोट लागलं म्हणून, नाहीतर..." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या जावयासमोर तोंड उघडलं. "हा पुढचा दात बघा. मोठं नाव ऐकून एकाकडे गेलो, तर त्याने हा पांढराफटक बसवून दिला. तेव्हापासून फोटोत ओठ मिटून उभा राहतो. हा बाकीच्यांसारखा होईल?"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. डोळे बारीक केले. "होईल. उद्या दवाखान्यात या."

"उद्या कशाला?" सासऱ्यांनी खिशातून चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "आत्ताच निघू. तुम्हीच चालवा. फक्त आधी ते हात धुऊन घ्या."